मत मनात ठेवणं आणि मत दाखवणं: सरकारी नोकराला हे वेगळं करता येतं का?

आस्थापना_शाखा:
निवडणूक लागली की कर्मचारी विचारतात, आम्ही मतंच बाळगायची नाहीत का? बाळगा की! केंद्राचे 1964 चे वर्तणूक नियम मनात डोकावत नाहीत. नियम 5 म्हणतो, पक्षाचं सदस्यत्व नको, वर्गणी नको, प्रचार नको. मतदान करा, पण कुणाला केलं किंवा करणार, याचा सुगावा लागू देऊ नका. अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणूक चिन्ह दिसलं, तर ते निवडणुकीत वजन वापरणं धरलं जातं. शाईच्या बोटाचा फोटो चालेल. त्यात चिन्हाचं उपरणं आलं की मेमो. विचार वेगळा, प्रदर्शन वेगळं.

वाकडी_मान:
मग सदस्यत्व कशात मोडतं? पावती कपाटात आहे, कुणाला दाखवलेली नाही, तरी नियम मोडलाच ना? म्हणजे बंधन फक्त प्रदर्शनावर नाही. पुढे 5(2) वाचा. घरच्या माणसाला सरकार उलथवू पाहणाऱ्या चळवळीपासून रोखायचा प्रयत्न करायचा, जमलं नाही तर सरकारला कळवायचं. नोकरी नवऱ्याची आणि अहवाल बायकोचा!

आस्थापना_शाखा:
पावती फाडणं ही कृतीच झाली. आणि 5(2) साध्या पक्षीय मतांबद्दल नाही, गल्लत नको. नुसत्या विचारांवरून नोकरी घेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलंय. मध्य प्रदेशातले शिक्षक रामशंकर रघुवंशी पूर्वी संघ-जनसंघाच्या कामात होते म्हणून त्यांना काढलं होतं. न्यायालयाने ते टिकू दिलं नाही.

टाचणी:
तो निकाल नोकरीआधीच्या कामाबद्दल आहे. नोकरीत असतानाचं बघायचं तर त्रिपुरा उच्च न्यायालयाचा जानेवारी 2020 चा निकाल घ्या. राजकीय सभेला नुसतं हजर राहणं म्हणजे सभेत भाग घेणं नव्हे, असं त्यात म्हटलंय. म्हणजे रेघ तुम्ही म्हणता तिथे, मन आणि तोंड यांच्यामध्ये, नाही. प्रेक्षक कोण आणि कार्यकर्ता कोण, इथे आहे.

माणसं सापडतात मात्र फार क्षुल्लक जागी. निवडणूक ड्युटीवरचा माणूस नमुना 12 भरून टपाली मतपत्रिका घेतो. खूण केली की ती 13-ब च्या पाकिटात घालायची आणि ते पाकीट 13-अ च्या घोषणापत्रासकट 13-क मध्ये. मतपत्रिकेचा अनुक्रमांक घोषणापत्रावरही लिहावा लागतो. खूण केल्यावर पाकीट बंद करण्याआधी फोटो काढतात आणि 'घरच्याच ग्रुपवर' टाकतात. फोटोत अनुक्रमांक आला की मत कुणाचं ते उघड. मग 'मी नव्हे' म्हणायची सोय उरत नाही.

वाकडी_मान:
फोटोचं मान्य, तो मूर्खपणा. पण नियम 9 खाली सरकारी धोरणावर टीका केली तर गैरवर्तन, आणि त्याच धोरणाची आरती ओवाळली तर 'योजनेची माहिती'. एकाच बाजूचं मत उघड करायची मुभा असेल, तर गप्प बसणाऱ्याचं मतही ओळखू येतंच.

आस्थापना_शाखा:
नियम 9 बद्दल तुमचं म्हणणं खोडता येत नाही. पण नोटीस आलीच तर आधी उपनियम कोणता ते बघा. नुसतं 'नियम 5 चा भंग' लिहिलं असेल तर कोणतं कृत्य, कोणत्या तारखेला, कुठे, हे लेखी मागा. स्क्रीनशॉटची प्रत मागा आणि मुदतीत उत्तर द्या. घाबरून पोस्ट उडवू नका. पुढे-मागे काय लिहिलं होतं ते दाखवायला तुमच्याच हाती काही राहत नाही.

वाकडी_मान:
आणि तोवर निलंबन झालं असेल तर अर्ध्या पगारावर. मत मनातच राहिलं असतं तर पूर्ण मिळाला असता, एवढं खरं.