आरतीला आलेली मैत्रीण आणि काकूंची पर्स

प्रश्न : एडिसनकर

आम्ही चौदा वर्षांपासून न्यू जर्सीत राहतो. यंदा गणपतीत माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीने शाळेतल्या एका मैत्रिणीला आरतीला बोलावले होते. ही मैत्रीण कृष्णवर्णीय आहे. कोणी न सांगता तिने दारात बूट काढले, टाळ हातात घेऊन ती शेवटच्या ‘मोरया’पर्यंत उभी राहिली आणि प्रसादाचा मोदक हातात घेऊन कोचावर बसायला गेली. त्या कोचावर आमच्या ओळखीच्या एक काकू बसल्या होत्या. ती जवळ येताच त्यांनी शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि तिचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला. काकू मनाने वाईट नाहीत. माझ्या पत्नीच्या बाळंतपणात रोज डबा त्यांच्याच घरून येत असे.

मैत्रिणीला घरी सोडून परत येताना मुलीने गाडीत मला विचारले, “बाबा, आजीने पर्स का उचलली?” मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मात्र तेव्हापासून मनात एकच विचार येतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले आणि आपल्या शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी त्यांचा कित्ता गिरवला जावा अशी आशा व्यक्त केली, हे आपण अभिमानाने सांगतो. आणि त्या मुक्त झालेल्यांची पणती घरात आली की आपण पर्स सांभाळतो. आपल्या वडीलधाऱ्यांशी या विषयावर कोणी बोलले आहे का? कसे बोललात?

प्रतिसाद : जुना प्रवासी

मी १९७४ साली येथे आलो, म्हणजे मी त्या काकूंच्याच पिढीतला आहे, त्यामुळे थोडे कबुलीवजा लिहितो. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे गाडी नव्हती. कारखान्यातला एक कृष्णवर्णीय सहकारी मला रोज पहाटे घरून घेऊन जात असे आणि पेट्रोलचे पैसे देऊ केले तर रागावत असे. दहा वर्षांनी माझ्या भाच्याने घर घेण्याविषयी सल्ला विचारला, तेव्हा त्या सहकाऱ्याची वस्ती मीच यादीतून खोडली. “शाळा चांगल्या नाहीत,” एवढेच मी म्हणालो, आणि भाच्याला जे समजायचे ते समजले. आपल्या घरांतून त्या लोकांसाठी जो शब्द वापरला जातो, तो मी येथे लिहीत नाही.

येथे पोहोचायला आम्हाला दार कोणी उघडून दिले, हे आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला खरा, पण येथे येण्यासाठी वर्षाला फक्त १०० माणसांचा कोटा होता. राष्ट्रीयत्वावर आधारलेली ही पद्धत ३ ऑक्टोबर १९६५ रोजी सही झालेल्या कायद्याने मोडीत काढली. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ च्या ऑगस्टमधला मतदान हक्क कायदा कृष्णवर्णीयांच्या ज्या चळवळीच्या रेट्यामुळे झाले, त्याच रेट्यात हाही झाला. कुत्रे अंगावर सोडून घेणारी आणि तुरुंगात जाणारी माणसे वेगळी होती. आम्ही पदवी आणि दोन बॅगा घेऊन विमानाने उतरलो आणि सारे स्वतःच्या हुशारीवर मिळाले असे समजू लागलो.

प्रतिसाद : सरळमार्गी

एका पर्सवरून साऱ्या मराठी समाजावर खटला भरू नये, अशी विनंती. मुलीला बसायला जागा व्हावी म्हणूनही काकूंनी पर्स उचलली असेल. शहरात रात्री काम करणाऱ्या माणसाला थोडी भीती वाटते आणि तिला प्रत्येक वेळी वंशद्वेष म्हणणे अन्याय्य आहे. माझ्या भावाचे दुकान दोनदा लुटले गेले. त्याने सावध राहू नये काय?

दुसरे म्हणजे हा विषय निघाला की लगेच जातीपर्यंत नेला जातो. २०२३ च्या फेब्रुवारीत सिॲटलच्या नगर परिषदेने जातीय भेदभावाविरुद्ध अध्यादेश केला (तो मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या), त्यानंतर कॅलिफोर्नियात तसेच विधेयक आले, आणि येथे जन्मलेल्या, स्वतःची जात न जाणणाऱ्या आमच्या मुलांकडे केवळ नावावरून संशयाने पाहिले जाऊ लागले. गव्हर्नर न्यूसम यांनी ते विधेयक नाकारले, ते योग्यच झाले.

प्रतिसाद : कोरेगावचा

सरळमार्गी यांच्या भावाविषयी मला सहानुभूती आहे. परंतु दुकान लुटणारा आणि मोदक खाणारी पंधरा वर्षांची मुलगी यांना जोडणारा दुवा त्वचेखेरीज दुसरा कोणता, हे त्यांनी सांगावे. जागा करून देणारा माणूस पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळत नाही.

न्यूसम यांच्या नकाराविषयीही पुरे सांगायला हवे. वंशपरंपरेच्या आधारावर भेदभाव करण्यास कॅलिफोर्नियाच्या कायद्याने आधीच बंदी आहे आणि जात त्यात येते, म्हणून नवा कायदा अनावश्यक आहे, असे कारण त्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिले होते. म्हणजे या नकारावर पेढे वाटणाऱ्यांच्या हाती नेमके काय पडले, याचा त्यांनी विचार करावा.

वंश आणि जात हे दोन विषय आपल्यासाठी वेगळे नाहीत, आणि त्यांची गाठ आपल्याच माणसाने न्यायालयात बांधली आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात काम केलेले भगतसिंग थिंड यांनी गोऱ्यांना मिळणारे नागरिकत्व मागताना आपण उच्चवर्णीय, आर्यवंशीय, म्हणून गोरे आहोत असा दावा केला. येथला गोरा माणूस विवाहसंबंधांच्या बाबतीत निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे पाहतो, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने झाला होता. फेब्रुवारी १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि त्यानंतर ज्यांना नागरिकत्व मिळाले होते अशा कित्येक भारतीयांचेही ते काढून घेण्यात आले. उलट बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अर्जाची प्रत मागितली, कारण अस्पृश्यांसाठी तसाच अर्ज करण्याचा त्यांचा विचार होता. १९७२ साली मुंबईतल्या दलित तरुणांनी ‘पँथर’ हे नाव कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडूनच घेतले. म्हणजे इथल्या कृष्णवर्णीय माणसाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आपल्याकडे फार जुन्या आहेत.

आता माझा अनुभव. माझे आडनाव गावावरून आलेले, ‘कर’ लागणारे आहे. त्यावरून काही कळत नाही. मग येथल्या जेवणावळींत दुसरा प्रश्न येतो, “मूळ गाव कुठले?” आणि तेही पुरले नाही तर अगदी गोड आवाजात तिसरा येतो, “तुमचे कुलदैवत कोणते हो?” आम्ही बौद्ध आहोत असे सांगितल्यावर कोणी पर्स उचलत नाही. “अरे वा, छान!” असे म्हणतात, आणि पुढच्या वेळी निरोप येत नाही. तुम्ही वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे असे विचारले आहे. कसेही बोला, पण मुलीला वेळ मारून नेणारे उत्तर पुन्हा देऊ नका. माझ्या आईने मला ते कधीच दिले नव्हते.

प्रतिसाद : एडिसनकर

सर्वांचे आभार. काल मी काकूंशी फोनवर बोललो. आधी त्या “मला आठवतही नाही” असे म्हणाल्या, मग बराच वेळ गप्प राहिल्या, आणि शेवटी मुलीची मैत्रीण पुन्हा कधी येणार आहे असे त्यांनी विचारले. त्याचा अर्थ मला लावता आलेला नाही. मुलीला मात्र काल रात्री जे खरे होते ते सांगितले. “मला तेव्हाच कळले होते,” असे ती म्हणाली.

कोरेगावचा यांचा तिसरा प्रश्न वाचून मी थांबलो, कारण तो प्रश्न मीही विचारतो. गेल्या उन्हाळ्यात नव्याने आलेल्या एका कुटुंबाला मी तो विचारला होता आणि “आम्ही देवाचे फारसे काही करत नाही” असे उत्तर मिळाल्यावर विषय बदलला होता. यंदाच्या गणपतीच्या निमंत्रणांच्या यादीत ते नव्हते. मी त्यांना मुद्दाम वगळले नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण बाकीची एकोणीस घरे मला कशी आठवली, याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्यांचा नंबर फोनमध्ये आहे. आज संध्याकाळी त्यांना फोन करणार आहे.