धायरी ते चाकण रोजचं जाणं-येणं : इलेक्ट्रिक घ्यावी की सीएनजी? (मदत हवी आहे)

बायपासचा_वाटसरू

नमस्कार मंडळी,

आमची पेट्रोल हॅचबॅक आता दहा वर्षांची झाली. क्लच आणि सस्पेन्शन दोन्हींचं काम एकदमच निघालंय, आणि मेकॅनिकचा आकडा ऐकून घरात "आता दुसरीच बघा" असा ठराव पास झाला आहे. बजेट ऑन रोड बारा-साडेबारा लाख. मुलीचं बारावीचं वर्ष आहे, त्यामुळे त्याच्या वर ताणायचं नाही.

वापर असा : धायरीहून चाकण एमआयडीसी. नवले पूल, बायपास, पुढे भोसरी-मोशी. जाऊन-येऊन 80-85 किमी. कंपनीची बस आमच्या शिफ्टला बंद झाली. सकाळी रस्ता बरा असतो, पण संध्याकाळी तळेगाव चौक ते मोशी या पट्ट्यात क्लच दाबून दाबून डावा पाय भरून येतो. त्यामुळे जी येईल ती ऑटोमॅटिकच, एवढं पक्कं आहे.

माझा हिशोब महिन्याला 2000 किमी धरून :
पेट्रोल, 15 चं ॲव्हरेज : तेरा-चौदा हजार.
सीएनजी, किलोला 24 किमी : साडेसात-आठ हजार, वर पंपावरच्या रांगा.
इलेक्ट्रिक : शोरूमवाला म्हणतो "साहेब, किलोमीटरला एक रुपया", म्हणजे दोन हजार. हे मला पटत नाही, पण खोडता पण येत नाही.

इलेक्ट्रिकमध्ये टाटाच्या पंच, टियागो आणि भाड्याच्या बॅटरीवर मिळणारी एमजीची विंडसर, अशा तीन डोक्यात आहेत.

अडचणी दोन. एक, पार्किंग. जागा बी विंगच्या स्टिल्टमध्ये आहे आणि मीटर रूम ए विंगला, मधे पस्तीस-चाळीस मीटर. सेक्रेटरींना नुसतं विचारलं तर "एकाला दिलं की सगळे मागतील" म्हणाले. दोन, आई-वडील चिपळूणला असतात. महिन्या-दीड महिन्याने जाणं होतं, उंब्रज-पाटणवरून, कुंभार्ली उतरून. सव्वादोनशे किमीच्या आसपास. वडिलांना 2021 च्या जुलैचा पूर डोळ्यांसमोर आहे, त्यांचा पहिला प्रश्न : "पाण्यात गेली तर करंट नाही ना लागणार?"

जे रोज चालवतात त्यांनी सांगावं. ब्रोशरमधलं मला तोंडपाठ आहे.

तांबडा_रस्सा

सीएनजी घ्या आणि मोकळे व्हा. सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकचा आधीपासूनच 5 आहे. म्हणजे किमतीतलं अंतर परत वाढलं. दोन-अडीच लाख आज जास्त मोजायचे, ते पाच वर्षांत वसूल करायचे आणि तेव्हा रीसेलला कोणी विचारत नाही. आमच्या कोल्हापुरात अजून लोक जुन्या डिझेलला हात लावून नमस्कार करतात.

(सीएनजीत ऑटोमॅटिक मोजकीच मिळतात, तेवढं बघून घ्या.)

सुमेधा_औंध

दादा, माझ्याकडे 2024 ची पंच ईव्ही आहे, 25 युनिटवाली लहान बॅटरी. औंध ते रांजणगाव रोज, म्हणजे तुमच्यापेक्षा जास्तच. माझा अनुभव :

गावात आणि ट्रॅफिकमध्ये 180-190 किमी मिळतात. हायवेला 100 ने पळवली की तोच आकडा 150 वर येतो. पेट्रोलच्या अगदी उलट. जाममध्ये गाडी काही खात नाही, एसीला तासाला साधारण एक युनिट जातं, बस. संध्याकाळचा मोशीचा जाम तुमच्या बाजूने आहे, असं म्हणायला हरकत नाही!

रोजच्या 85 किमीला लहान बॅटरी पुरते. तरी तुम्ही मोठीच घ्या, चिपळूणसाठी. रेंज छापलेली कितीही असू दे, त्याच्या पासष्ट-सत्तर टक्के धरून चाला.

विंडसरची भाड्याची योजना तुमच्यासाठी नाही. 2024 ला गाडी आली तेव्हा बॅटरीचं भाडं किमीला साडेतीन रुपये होतं. 2000 किमीचे सात हजार झाले, वर वीज वेगळी. सीएनजीलाही मागे टाकलं की! ज्यांची गाडी महिन्यातून सातशे-आठशे चालते त्यांनाही फायद्याची नाही, कारण किमान किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतात. कोणासाठी काढली आहे देव जाणे.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. मोठी बॅटरी फुल असली तरी बारा व्होल्टची छोटी बॅटरी बसली की गाडी उघडत पण नाही. पेट्रोलसारखा धक्का मारायची सोय नाही. दोन-तीन वर्षं झाली की ती आधीच बदलून टाका.

वायरमन_कोथरूड

शोरूमच्या एक रुपयाचा हिशोब मी सांगतो. माझा धंदाच हा आहे.

किमीला एक रुपया तेव्हा पडतो जेव्हा युनिट सात रुपयाला पडतं आणि गाडी युनिटला सात किमी जाते. तुमचं गणित असं : 2000 भागिले 7, म्हणजे 285 युनिट. चार्जिंगमध्ये दहा-बारा टक्के गळती, म्हणजे मीटरवर 320 च्या आसपास. आता घरचं बिल काढून बघा. समजा घरात 200 युनिट लागतात. महावितरणचे टप्पे 100, 300, 500 असे आहेत. गाडीचे युनिट घराच्या युनिटच्या *वर* चढतात, म्हणजे बहुतेक सगळे 301 ते 500 च्या महाग टप्प्यात. तिथे सगळे आकार धरून युनिट पंधराच्या आसपास जातं. साडेचार हजार महिना धरा. तरी सीएनजीपेक्षा तीन हजार कमीच आहेत, पण एक रुपया नाही, सव्वादोन आहे.

यावर उपाय म्हणजे वेगळं मीटर. महावितरणकडे वाहन चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे, तिला घरगुतीसारखे टप्पे नाहीत. कितीही वापरा, दर तोच. स्थिर आकार महिन्याला वेगळा पडतो, पण तुमच्या वापराला परवडतं. रोज दहा-पंधरा किमी फिरणाऱ्याने मात्र घरच्याच मीटरवर राहावं.

आता वायर. चाळीस मीटर आहे तर 6 स्क्वेअर एमएम तांबं ओढा. आत्ता पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालवणार असाल तर 4 पण चालेल, पण उद्या 7.2 किलोवॉटचा वॉल चार्जर बसवायचा झाला की परत खोदाखोद. पॅनेलमध्ये स्वतंत्र एमसीबी (जास्त लोड आला की ट्रिप होणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडते ती). यात पैसे वाचवू नका.

सॉकेट घरातल्या गिझरचं लावू नका. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी पाच-सहा तास सलग ओढते. स्वस्त सॉकेट महिन्याभरात पिवळं पडतं, मग पिनेच्या भोवती काळं होतं, मग वास येतो. मी अशी वितळलेली सॉकेटं काढली आहेत. निळं औद्योगिक सॉकेट मिळतं, ते लावा.

आणि अर्थिंग. जुन्या बिल्डिंगमध्ये निम्म्या तक्रारी याच्याच असतात. गाडी नवी, चार्जर नवा, आणि डब्यावर लाल दिवा. लोक सर्व्हिस सेंटरला शिव्या घालतात. न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज मोजायला लावा, दोन-तीनच्या वर असेल तर आधी खड्डा करून नवीन अर्थिंग. चिपळूणच्या घरीही हेच तपासून घ्या, नाहीतर तिथे पोचल्यावर कळेल.

घाटरस्ता

चिपळूणबद्दल मी बोलतो, माझं सासर अलोऱ्याला.

जाताना काळजी नाही. कुंभार्ली उतरताना गाडी थोडी चार्ज होते, ब्रेकही फार लागत नाहीत. फक्त पाटणला 100 टक्के भरून घाटात शिरू नका, भरलेल्या बॅटरीत रीजनला (उतारावर गाडी हळू करताना तयार होणाऱ्या विजेला) जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर येतो. येताना खरी परीक्षा. तळातून सहाशे मीटरच्या आसपास चढायचं, त्याला अडीच-तीन युनिट जादा जातात. म्हणजे नेहमीच्या हिशोबातून वीसेक किमी वजा. चिपळूणहून फुल निघालात तर सातारा आरामात येतं, तिथे चहा होईपर्यंत चार्जिंग, पुढे पुणे. चार्जर मात्र एकाच ॲपच्या भरवशावर ठेवू नका. नकाशात हिरवा, प्रत्यक्षात बंद, हा अनुभव सगळ्यांना आहे. गणपतीत तर विचारू नका.

इलेक्ट्रिकला मिळणाऱ्या टोलच्या सवलतीने हुरळू नका. ती अटल सेतू, द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर आहे. तुमच्या रस्त्याला खेड शिवापूर आणि आनेवाडी भरायचेच.

वडिलांना सांगा, बॅटरी पॅकला आयपी 67 चं सील असतं, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. रस्त्यावरच्या पाण्यातून गेलात म्हणून करंट वगैरे लागत नाही. पण 2021 सारखं पाणी रात्रभर उभं राहिलं तर कुठलीच गाडी वाचत नाही. पावसाळ्यात गेलात की गाडी वरच्या अंगाला लावा, आणि बुडालेली गाडी चार्जिंगला लावायची नाही, चालू करून बघायची नाही, सरळ टो.

बायपासचा_वाटसरू

सगळ्यांचे आभार, विशेषतः वायरमन काकांचे. घरचं बिल काढलं, 210 युनिट. म्हणजे तुमचा अंदाज नेमका बसला.

विंडसर बाद. सीएनजीचं बायकोला अजून पटतंय, डिकीतल्या सिलिंडरचा मुद्दा निघाला की मात्र गप्प होते, कारण चिपळूणहून येताना तांदूळ आणि फणस असतातच. माझा कल आता मोठ्या बॅटरीच्या पंचकडे आहे, पण सोसायटीचं मिटल्याशिवाय बुकिंग करणार नाही. शोरूमवाला "आधी टोकन द्या, चार्जरचं आम्ही बघतो" म्हणतोय, त्याला थांबवलं आहे.

सेक्रेटरींना परत भेटलो. आता आगीचं कारण पुढे आलं.

वायरमन_कोथरूड

टोकन दिलं नाहीत ते बरं केलंत. चार्जरवाला येतो, दहा-पंधरा मीटर केबल फुकट असते, पुढची मीटरवर पैसे. आणि परवानगी नसेल तर तो तसाच परत जातो.

सेक्रेटरींना एकटे भेटू नका. बिल्डिंगमध्ये आणखी दोघं-तिघं इच्छुक शोधा आणि एकत्र अर्ज द्या. "सगळे मागतील" हे खरंच आहे, म्हणून आत्ताच मीटर रूममधून एकच केबल ट्रे काढायचा, ज्याला लागेल तो त्यातून आपली वायर ओढेल. खर्च ज्याचा त्याचा. ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या सूचनांमध्ये स्वतःच्या वीजजोडणीवर घरी चार्ज करायची मुभा दिलेली आहे, त्याची प्रत जोडा. सामायिक भिंतीवरून वायर न्यायला सोसायटीची परवानगी लागतेच, त्यावर वाद घालू नका. आगीच्या मुद्द्याला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्या. आणि लिहून द्या की देखभाल माझी.

सुमेधा_औंध

आणि कंपनीत पण विचारा. आमच्या एचआरने पार्किंगच्या भिंतीला दोन सॉकेट दिली, गाडी दिवसभर उभीच असते. चाकणच्या प्लांटमध्ये विजेची काय कमी! तिथे सोय झाली तर सोसायटीची घाई उरत नाही.

बायपासचा_वाटसरू

हे सुचलंच नव्हतं. प्लांट मेंटेनन्सचा हेड ओळखीचा आहे, उद्याच गाठतो.

सोसायटीची मिटिंग रविवारी आहे. ए विंगमधले एक काका स्कूटरसाठी पॉइंट मागतायत, त्यांना बरोबर घेतलं आहे. कोणी असा अर्ज करून परवानगी मिळवली असेल तर मसुदा इथे टाका, मराठीतला असेल तर उत्तम. काका इंग्रजी कागदावर सही करत नाहीत.