नर्मदा परिक्रमा करून आल्यावर तुमच्या श्रद्धेचं काय झालं? (अनुभव धागा)

रेवाकाठ

नर्मदे हर मंडळी. परिक्रमा कुठून उचलायची, मुक्काम कुठे, बूट कुठले, कुठल्या आश्रमात सदाव्रत (कोरडा शिधा) मिळतं आणि कुठे तयार भोजनप्रसादी, ही सगळी माहिती आता यूट्यूबवर आहे. मला इथे वेगळं वाचायचंय. अमरकंटकला उगम पावून भरूचच्या पुढे समुद्राला मिळणारी ही 1312 किलोमीटरची नदी उजव्या हाताला ठेवून, मध्ये कुठेही न ओलांडता दोन्ही काठांनी चालून आल्यावर तुम्ही देवाबद्दल, माणसांबद्दल, पैशाबद्दल जे मानत होतात त्यातलं काय राहिलं आणि काय गेलं, ते लिहा. पायी केलेल्यांनी लिहा, बसने केलेल्यांनी लिहा, अर्धवट राहिली असेल तरी लिहा. चमत्काराचा अनुभव असेल तर तोही येऊ दे, फक्त घरी आल्यावर त्याने काय फरक पडला हे सांगा.

सुरुवात मी करते. मी ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघाले. आमच्याकडे दान करायची पद्धत आहे, दरवर्षी ठरलेल्या संस्थांना चेक जातो, करसवलतीची 80जी ची पावती येते, सगळं व्यवस्थित. पण कुणाकडून घ्यायची सवय मात्र अजिबात नाही, शेजारणीने वाटीभर भाजी दिली तर त्या वाटीत काहीतरी घालूनच ती परत जाणार. निमाडात खरगोनच्या बाजूला मिरचीची शेतं लागतात, तोडणीचा सीझन होता, शेताच्या कडेला मिरच्या वाळत घातलेल्या, नाकातोंडात ठसका. दुपारी एका घरातून हाक आली, "माताराम, भोजन पाकर जाओ." आत गेले. त्या बाईने पाट दिला, पाय धुवायला पाणी दिलं, आणि पीठ मळायला घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की मीठ संपलंय. मुलाला शेजारी पिटाळलं, तो मुठीत मीठ घेऊन आला. घरात मीठ नाही आणि बाई मला अडवून जेवू घालतेय, वर मी उठताना माझ्या पाया पडतेय! तिचा नमस्कार मला नव्हता, माझ्या झोळीतल्या कुपीत जे नर्मदाजल होतं त्याला होता, हे मला कळत होतं, पण तो माझ्यामार्फत जात होता आणि मला तिथे नुसतं उभं राहायचं होतं, त्याची परतफेड नाही, पावती नाही. ते मला फार जड गेलं. पुढे कित्येक दिवस रोज तेच. पुण्यात आल्यावर वर्षभरात मिस्टरांचं ऑपरेशन झालं तेव्हा सोसायटीतून डबे येत होते, मी ते घेतले, रिकामे घासून परत दिले, बस. माझी पूजाअर्चा आधी होती तशीच आहे, पण देवापुढे हात जोडताना आता मी हिशेब घेऊन उभी नसते.

सह्यभटक्या

मी देव मानत नाही. जाताना मानत नव्हतो, आल्यावरही मानत नाही, तरी लिहितोय कारण बदल माझ्यातही झालाय. मी गेलो ते चालायला, सह्याद्रीत बरंच फिरून झालं होतं आणि एवढा लांब पल्ला भारतात दुसरा सुचेना. पेशाने मी सप्लाय चेनमधला माणूस, त्यामुळे पहिल्या दिवसापासून डोक्यात एकच प्रश्न होता की हे चालतं कसं. कुठे हेड ऑफिस नाही, बुकिंग नाही, तरी दोन्ही काठ मिळून अडीच हजार किलोमीटरच्या वर रोज कुणीतरी चहा देतंय, ज्याला बालभोग म्हणतात तो सकाळचा नाश्ता देतंय, रात्री झोपायला जागा देतंय. मी विचारत गेलो. कुठे गाव सुगीला धान्य काढून ठेवतं, कुठे एका घराण्याचं सदाव्रत आजोबांपासून चालू आहे, कुठे कुणी निवृत्त झालेला माणूस झोपडी बांधून बसलाय. "का करता?" विचारलं की उत्तर एकच, मैय्या करवून घेते. मी त्या उत्तरावर हसणारा माणूस नाही, पण माझं समाधान त्याने होत नव्हतं. मग चालता चालता लक्षात आलं की ज्याला मी नुसती समजूत म्हणत होतो ती इतक्या लांबवर, इतक्या अनोळखी माणसांना, कसल्याही करारावाचून बांधून ठेवते, आणि हे माझ्या क्षेत्रातल्या कुठल्याही सिस्टिमला जमलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट न ओलांडण्याच्या नियमाची. समोरच्या काठाला चांगला रस्ता, धाबा, मोबाइलचा टॉवर, सगळं दिसतंय पण तुम्ही जाऊ शकत नाही. इंदिरा सागर धरणाच्या फुगवट्याला वळसा घालताना तर नदी दिसतच नाही, दिवसचे दिवस डांबरी रस्ता आणि सोयाबीन-गव्हाची शेतं, आणि तरी तुम्ही तिलाच उजवीकडे ठेवून चालताय. माझ्याबरोबर मध्य प्रदेशातल्या सागर शहराकडचे एक बाबाजी होते, ते त्या रस्त्यावरही रोज संध्याकाळी नदीच्या दिशेला तोंड करून आरती करायचे. मी बाजूला उभा राहायचो. न दिसणाऱ्या गोष्टीशी इमान राखणं म्हणजे काय ते मला तिथे समजलं. आईच्या पूजेच्या वेळी मी पूर्वी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचो, आता तिला फुलं आणून देतो.

तोरणमाळ

मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. परिक्रमा केलेली नाही, पण परिक्रमावासी आमच्या दारावरून जातात, म्हणून काठावरच्या माणसाचं पण ऐका.

शूलपाणीच्या झाडीबद्दल, म्हणजे आमच्या बाजूच्या नर्मदाकाठच्या जंगलाबद्दल, सगळे एकच सांगतात, की पूर्वी इथे मामा लोक लुटायचे, लंगोटीवर सोडायचे आणि ती मैय्याने घेतलेली परीक्षा असायची. आता लूट होत नाही. पण ज्यांना तुम्ही मामा म्हणता त्या भिल्ल-पावरा माणसांची परीक्षा किती झाली हे कुणी लिहीत नाही. महाराष्ट्राला नर्मदेचा काठ जेमतेम 54 किलोमीटरचा, तो आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, आणि तोच सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात गेला. मणिबेलीसारखी गावं 1990 च्या दशकातच पाण्याखाली जायला लागली, जुनं शूलपाणेश्वराचं मंदिरही बुडालं, नवं गोऱ्याला बांधलंय. 2017 ला धरणाचे दरवाजे बंद झाले, 2019 च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला गेलं आणि मध्य प्रदेशात बडवानीकडची गावं बुडाली, राजघाट बुडाला. आमच्याकडे अजून काही पाड्यांवर दवाखाना बोटीने येतो.

आता श्रद्धेचं. इथल्या लोकांची देवी याहामोगी, सण इंदल, होळी, त्यांच्या देवघरात मैय्याचा फोटो सापडेलच असं नाही. तरी संध्याकाळी कुणी झोळीवाला आला तर कुडाच्या घरात अंगण झाडून जागा देतात, मक्याची भाकरी आणि लाल मिरचीची चटणी देतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीला मी विचारलं होतं, तुमची जमीन घेऊन गेलेली नदी, तिच्या भक्तांना तुम्ही का जेवू घालता? ती म्हणाली नदीने नाही घेतली, भिंतीने घेतली. मी बीएड केलेला माणूस, माझ्याकडे एवढं स्वच्छ उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी नदीला दोष देत नाही आणि तिच्या नावाने कुणी भिंतीला नमस्कार करत असेल तर त्याला थांबवून सगळं सांगतो. रेवाकाठ ताई, तुमच्या धाग्यावर हे बसत नसेल तर तसं सांगा.

रेवाकाठ

सर, अगदी बसतं. मी बिलगावकडून गेले तेव्हा पाण्यातून वर आलेले वाळके शेंडे पाहिले होते, झाडांचे, पण खाली काय होतं ते सांगायला तेव्हा बरोबर कुणी नव्हतं. तुम्ही लिहा अजून.

अबोली

माझी नाही, सासूबाईंची लिहिते, त्यांनी सांगितलंय लिही म्हणून. त्यांनी बसने केली, वय सत्तरीच्या पुढे. आमच्याकडे कडक सोवळं, नैवेद्याच्या वाटीला माझाही हात लागलेला चालत नसे, आणि कामाच्या मावशींचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर त्या उतरल्या आणि उन्हात शुगर लो झाली, पायरीवरच बसल्या, हातपाय थरथरायला लागले, ग्रुप पुढे गेलेला. घाटावर दिवे विकणारी एक केवटाची म्हातारी होती, तिने आपल्या फडक्यातून गुळाचा खडा काढला, अर्धा दाताने तोडला आणि तो यांच्या तोंडात घातला. उष्टा. मग मांडीवर डोकं घेऊन बसली, बराच वेळ, तिचे दिवे विकायचे राहिले.

आई घरी आल्या तेव्हा याबद्दल बोलल्याच नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी मावशींना आपल्या कपातला, म्हणजे त्याच सेटमधला, चहा दिला आणि खिडकीतला कप टाकून दिला. कारण मला महिन्याभराने कळलं. पूजा अजून तेवढीच साग्रसंगीत करतात, तासभर, पण नैवेद्य वाढायला मला बोलावतात. मला विचाराल तर माझ्या घरात नर्मदेने एवढं केलं हे पुष्कळ झालं.

दुसरा_काठ

आमचा मुलगा गेला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघं निघालो. पुण्य वगैरे डोक्यात नव्हतं. मला देवाला जाब विचारायचा होता आणि हिला घरात राहवत नव्हतं, एवढंच. सुरुवातीला आम्ही एकमेकांशीही बोलत नव्हतो, ही पुढे, मी मागे. आश्रमांत लोक विचारायचे, संकल्प काय. मी सांगायचो काही नाही.

समुद्र लागतो तिथे दक्षिण तटावरून विमलेश्वरहून नावेत बसतात आणि उत्तर तटावर मिठी तलाईला उतरतात, परिक्रमेत पाण्यावरून जायचं ते इथेच, कारण इथे नदी संपलेली असते. भरतीच्या हिशेबाने नाव सुटते, आम्हाला रात्री उठवलं, चिखलातून जाऊन दाटीवाटीने बसलो. मध्यावर गेल्यावर दोन्हीकडे काठ नाही. तिथे सगळे आपापल्या कुपीतलं थोडं जल समुद्रात घालतात आणि तिथलं पाणी तिच्यात घेतात. हिने कुपी उघडली, हात थांबला, आणि ती त्याचं नाव घेऊन मोठ्याने रडली, तो गेल्यानंतर पहिल्यांदा. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं, कुणी विचारलं नाही काय झालं, कुणी समजूत घातली नाही, एका बाईने फक्त तिच्या हाताखाली हात धरला म्हणजे कुपी पडू नये. मी जाब विचारायचा होता तो विचारला नाही. उत्तर मिळालं म्हणून नाही, अजूनही मिळालेलं नाही. पण विचारणारा मी एकटा नाही, त्या नावेत बहुतेक प्रत्येकाच्या कुपीत काहीतरी होतं, हे कळल्यावर माझा देवावरचा राग राहिला तरी त्याचं टोक गेलं. उत्तर तटावर आम्ही शेजारी शेजारी चाललो. आता घरी नवस बोलायचे बंद केलेत, देवाकडे काही मागत नाही, संध्याकाळी दिवा लावतो.

जर्सीकर

वरचं वाचून खूप वेळ काही टाइप करता आलं नाही. मी अमेरिकेतून सुट्टी काढून फक्त उत्तरवाहिनी केली, गुजरातमध्ये तिलकवाडा-रामपुरा भागात नदी उत्तरेला वळते तिथली चैत्रातली एका दिवसाची छोटी परिक्रमा, साधारण 21 किलोमीटर. खरं सांगतो, श्रद्धेत काही बदल झाला नाही. गर्दी प्रचंड, प्लास्टिकचे ग्लास पायाखाली, नावेसाठी रांग. बरोबरचे लोक भारावले होते, मला तसं झालं नाही. पूर्ण पायी करायची इच्छा मात्र तिथे धरली, कारण पहाटे अंधारात चालताना सरबत देणारी मुलं होती शाळेतली, ती ज्या आनंदाने ग्लास पुढे करत होती ते आमच्या इकडे कधी पाहिलं नाही.

पाऊलवाट

माझी खंडित झाली. जबलपूरच्या अलीकडे गुडघा गेला, उत्तर तटावर होते, डॉक्टर म्हणाले चालायचं नाही. आश्रमातल्या महाराजांना विचारलं आता सगळं वाया का, ते म्हणाले जितना मैय्या ने चलाया उतना चले, बाकी मैय्या जाने. माझ्या स्वभावाला अर्धं काम कधीच सहन झालेलं नाही, पीएचडीसुद्धा तशीच हट्टाने पुरी केली. हे अर्धं मात्र मी अर्धं म्हणून ठेवलंय आणि त्याचं मला वाईट वाटत नाही, हा माझ्यात झालेला बदल.

एसटीचा_माणूस

राम कृष्ण हरी. मी माळकरी, वारी घरातली. एसटीत ड्रायव्हर होतो, रिटायर झाल्यावर परिक्रमा केली आणि आता दरवर्षी मार्गशीर्षात शूलपाणीच्या अलीकडे एका आश्रमात सेवेला जातो. वारीत दिंडी असते, मागेपुढे माणसं, टाळ, अभंग, पाय आपोआप उचलतात. परिक्रमेत बरेचदा तुम्ही एकटे, त्यामुळे नाम खरंच चालू आहे का हे तिथे समजतं. विठोबा माझा होता तो आहेच, फक्त पूर्वी तो मला पंढरपुरात भेटायचा, आता समोर बसलेल्या माणसाच्या पायात पण दिसतो, हे बोलायला सोपं वाटतं पण पाय बघा एकदा, टाचा फुटून रक्त आलेलं, तळव्याला रुपयाएवढे फोड. मी गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकायला देतो, सुईत दोरा ओवून फोडातून काढतो आणि दोरा आतच ठेवतो म्हणजे पाणी झिरपून जातं, कातडी काढत नाही. सुई आधी उकळून घ्यायची, डायबिटीस असेल तर हात लावायचा नाही, दवाखान्यातच पाठवायचं. शहरातली मोठी माणसं पाय पुढे करायला लाजतात, पाय मागे घेतात, मी म्हणतो द्या हो, तुमचा नाही, मैय्याचा आहे.

या धाग्यावर बरेच जण मदत कशी करू विचारतील म्हणून आत्ताच सांगतो. कपडे आणि ब्लँकेट पाठवू नका, त्याचे ढीग पडलेत. खोबरेल, सुया, जाड सुती दोरा, चांगले मोजे, ओआरएसची पाकिटं आणि बॅटरीचे टॉर्च आणा. आणि कार्तिकी एकादशीनंतर लगेच या, तेव्हा गर्दी सगळ्यात जास्त असते आणि हात कमी पडतात.