उतारवयात सायकल मोहीम अर्ध्यावर सोडणं: शहाणपण की माघार?

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा)

आमच्या गटाचा बेत सातारा ते गोवा असा होता. उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग गुहागर आणि तिथून किनारा धरून तेरेखोलपर्यंत. माझं वय ६८, गटात मी सर्वांत मोठा. रत्नागिरीत मी थांबलो, सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि घरी आलो. बाकीचे पुढे गेले, सुखरूप पोहोचले, त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण नंतर गटातल्या एकाने लिहिलं, "काकांचे पाय थकले नव्हते, मन थकलं." त्याला बऱ्याच जणांनी दुजोरा दिला. मला हे मुळीच मान्य नाही, म्हणून चर्चेला ठेवतोय.

कोकणचा किनारी रस्ता नकाशात समुद्राला लागून दिसतो, म्हणून लोकांना तो सपाट वाटतो. प्रत्यक्षात दर खाडीला खाली उतरायचं आणि पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढायचं. तवसाळला फेरीबोटीत बसून जयगडला उतरलं की लगेच छातीवर येणारा चढ. यवतेश्वरच्या घाटात आम्ही नेहमी जातो, तो एकदा चढला की संपतो. इथे चढ संपत नाहीत. ऊन आपल्याकडेही असतं, पण आपल्याकडे घाम वाळतो. तिथे तो अंगावरच राहतो आणि शरीर थंड होत नाही.

मला दोन गोष्टी जाणवत होत्या. दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं, त्यामुळे उतारावर ब्रेक दाबताना जोर पोहोचत नव्हता. सायकलला मागे सामानाच्या दोन पिशव्या, समोरून जांभा दगडाचा ट्रक, आणि हातात पकड नाही. दुसरं म्हणजे बसून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येत होती. मी रक्तदाबाची गोळी घेतो. गणपतीपुळ्यातच मी ठरवलं की रत्नागिरीपर्यंत बोटं सुधारली नाहीत तर थांबायचं. रत्नागिरी निवडली कारण तिथे जिल्हा रुग्णालय आहे, एसटी आहे, रेल्वे आहे. पुढे पूर्णगड, आंबोळगड या पट्ट्यात काही झालं असतं तर मदतीची वाट बघत रस्त्याकडेला बसावं लागलं असतं, आणि माझ्यापायी बाकीच्यांनाही.

माझं म्हणणं एवढंच: थांबायचं ते सायकल चालवता येत असताना. पडल्यावर थांबणं हा निर्णय नसतो.

विश्रामबागचा ७२ (सांगली)

साहेब, तुमच्या तब्येतीबद्दल वाईट वाटलं, पण तुमच्या निर्णयाशी मी सहमत नाही आणि ते स्पष्ट सांगतो.

पुढे जाणं आणि घरी परतणं एवढे दोनच रस्ते होते का? रत्नागिरीत दोन दिवस मुक्काम करायचा, हँडल थोडं वर घ्यायचं, सामान दुसऱ्याकडे द्यायचं, रोजचं अंतर निम्मं करायचं. गट पुढे गेला तर जाऊ दे, आपण मागून सावकाश जायचं. उतारवयात वेग सोडावा, रस्ता सोडू नये.

आमच्या पिढीतल्या माणसाने एकदा अर्ध्यावरून परत यायचं ठरवलं की पुढचं घरचे ठरवतात. आधी घाट बंद, मग हायवे बंद, मग "बाबा, बागेतच चाला ना". माझ्या बरोबरीच्या दोघांच्या सायकली अशाच गच्चीवर गेल्या. दोघेही आज जिना चढताना कठडा धरतात. मी रोज अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन येतो, उन्हाळा असो की पाऊस.

आणि वयाचं कारण तर नकोच. फ्रान्समधल्या रोबेर मार्शां यांनी २०१७ मध्ये वयाच्या १०५व्या वर्षी ट्रॅकवर एका तासात २२.५४७ किमी सायकल चालवली. बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि किंग्ज कॉलेज लंडन यांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ सायकलस्वारांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची रोगप्रतिकारशक्ती बऱ्याच बाबतींत तरुणांसारखी निघाली. ही माणसं थांबली नाहीत म्हणून तशी राहिली.

मिरजेतला डॉक्टर

विश्रामबागचे काका, तुम्ही सांगितलेला अभ्यास खरा आहे. पण त्यात धूम्रपान करणारे, जास्त मद्य घेणारे आणि उच्च रक्तदाब असलेले लोक आधीच वगळले होते. धागाकर्ते रक्तदाबाची गोळी घेतात, म्हणजे त्या १२५ जणांत त्यांना जागाच मिळाली नसती. मार्शां यांचंही तेच. २०१४ मध्ये त्यांनी तासाला २६.९२७ किमी केले होते, २०१७ मध्ये त्याहून चार किमी कमी, आणि ते बंदिस्त ट्रॅकवर. तिथे खाडीचे उतार नव्हते, समोरून ट्रक येत नव्हता.

आता बोटांबद्दल. करंगळी आणि अनामिकेला जाणारी नस तळहाताच्या कडेवरून जाते. हँडलवर तासन्‌तास भार पडला की ती दाबली जाते. सुरुवातीला मुंग्या येतात, नंतर पकड कमी होते. मुंग्या आल्या तर हाताची जागा बदलत राहा, दस्ताने जाड घ्या, हँडलची उंची वाढवा. पण पकड कमी झाली असेल तर ते एका रात्रीच्या झोपेने भरून येईलच असं नाही. कधी आठवडे लागतात. पकड नसताना सामानासह घाटउतार करू नये. यात ६८ आणि २८ असा फरक नाही.

अंधारीचं मात्र वयाशी नातं आहे. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणजे शरीरात पाणी कमी झालेलं कळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतात. त्यात घामातून मीठ जातं. मग माणूस नुसतं साधं पाणी ढोसतो आणि रक्तातलं सोडियम आणखी खाली येतं. अशा वेळी डोकं जड होतं, बोलणं असंबद्ध होतं, आणि मुख्य म्हणजे त्या माणसाला स्वतःला सगळं ठीक वाटत असतं. "मी ठीक आहे" या त्याच्या शब्दावर त्या क्षणी विसंबता येत नाही. म्हणून थांबायची खूण आधी ठरवून ठेवली ते फार बरं केलंत. एक विनंती: लांब जायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना गोळ्या दाखवा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, आणि ओआरएस किती घ्यायचं तेही त्यांनाच विचारा.

जे रक्त पातळ करणारी गोळी घेतात त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. डोक्याला लागलं आणि त्या वेळी काही वाटलं नाही, तरी आत रक्तस्राव हळूहळू होऊ शकतो आणि त्रास काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतो. हेल्मेट होतं म्हणून घरी जाऊन झोपलो, असं करू नका.

विश्रामबागचा ७२ (सांगली)

डॉक्टर, तुमच्याशी वाद नाही. पकड गेली होती तर घाट उतरू नये, मान्य. पण मग हातासाठी थांबलो म्हणा. सुरुवातीच्या मजकुरात पहिल्याच परिच्छेदात स्वतःचं वय लिहिलंय, त्यालाच माझा आक्षेप आहे. वय लिहिलं की वाचणारा पन्नाशीचा माणूस घाबरतो.

कराडचा पेडल

मी त्याच गटातला. तो मेसेज माझा नव्हता, पण त्याला अंगठा मीही दिला होता आणि अजूनही मला वाटतं की काकांनी रत्नागिरीत एक दिवस थांबून बघायला हवं होतं. आम्ही थांबायला तयार होतो. पुढच्या मुक्कामांची खोली, जेवण सगळं सांगून ठेवलेलं होतं, ते पुढे ढकललं असतं. काका निघाले तेव्हा गटातल्या सगळ्यांचाच हुरूप गेला. त्यांच्याशिवाय देवगडचा सडा पार करताना कुणी फारसं बोलत नव्हतं. रागाने लिहितोय असं नाही, काका. तुम्ही नव्हता याचं वाईट वाटलं, ते त्या मेसेजमधून वेडंवाकडं बाहेर आलं असावं.

अजिंक्यताऱ्याखालचा (सातारा)

बाळा, तुम्ही थांबायला तयार होतात हे मला माहीत होतं, आणि त्याचमुळे मी तुम्हाला विचारलं नाही. मी एक दिवस थांबलो असतो तर तुम्ही सगळे थांबला असता. मग तुम्ही माझ्यासाठी थांबलात म्हणून मी दुसऱ्या दिवशी हात बरा नसतानाही निघालो असतो. सगळा धोका त्याच भिडेत आहे. मोठ्या माणसाला गटात सांभाळून घेतात हे चांगलंच, पण त्याचं ओझं त्याच्या निर्णयावर पडतं.

विश्रामबागकर, वय लिहिलं कारण ते खरं आहे. बीआरएममध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, २०० किमीला साडेतेरा तास असतात, तिशीच्या माणसालाही आणि सत्तरीच्या माणसालाही. तिथे सवलत मागत नाही मी. पण पडल्यावर हाड जुळायला दोघांना सारखाच वेळ लागत नाही.

फलटणचा माळकरी

आमच्या गावातून माउलींची पालखी जाते. वारीत ज्याला झेपत नाही तो दिंडीच्या ट्रकमध्ये बसतो. त्याची वारी मोडली असं कुणी म्हणत नाही. सायकलवाल्यांनीच एवढं मनाला का लावून घ्यावं?

विश्रामबागचा ७२ (सांगली)

माउली, ट्रकमध्ये बसलेला वारकरी दुसऱ्या दिवशी पुन्हा दिंडीत चालायला उतरतो आणि पंढरपूर गाठतो. घरी परत येत नाही. माझं म्हणणं नेमकं तेच आहे. गाडीत बसा, पण पुढे जा. रत्नागिरी ते मालवण एसटीने जाता आलं असतं, शेवटचा टप्पा गटाबरोबर करता आला असता.

वाईची लेक

माझे वडील ७० चे आहेत आणि पसरणी घाट चढून पाचगणीला जातात. त्यांना मी कधीच अडवत नाही. पण ते मोबाईल बंद ठेवतात, किती वाजता परतणार ते सांगत नाहीत. सायकल गच्चीवर टाकणारी मुलं वाईट, असं वर लिहिलंय. काकांसारखे वडील असतील, जे स्वतः थांबतात आणि फोन करून "मी रत्नागिरीत आहे, परत येतोय" सांगतात, तर कुठली मुलगी त्यांची सायकल काढून घेईल? विश्वास तिथूनच येतो. जे कधीच थांबत नाहीत, त्यांच्याबद्दल आम्हाला धास्ती असते.

हळदीच्या पेठेतून (सांगली)

मी ६३ वर्षांची, चार वर्षांपूर्वी सायकलवर आले. बायकांची बाजू इथे कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. दंडोबाच्या डोंगरावरून मी एकदा अर्ध्यातून परत आले, वारा फार होता. घरात, सोसायटीत, सगळीकडे एकच वाक्य: "आम्ही म्हणत नव्हतो का?" पुरुष थांबला की शहाणा ठरतो, निदान या धाग्यात तरी बऱ्याच जणांनी तसं म्हटलंय. बाई थांबली की तिने सुरूच का केलं हा प्रश्न येतो. म्हणून माझ्यासारख्या बायका त्रास होत असताना पुढे जात राहतात. परत येण्याची किंमत आम्हाला जास्त पडते. काका, तुम्ही उघडपणे लिहिलंत ते माझ्यासारखीला उपयोगी आहे. विश्रामबागचे दादा, तुम्ही म्हणता ती भीती आम्ही रोज बघतो. पण तिच्यावर उपाय म्हणून बधिर हातांनी उतार उतरणं मला पटत नाही.

कराडचा पेडल

ताई, बरोबर आहे. अंगठा मागे घेतलाय.

गटात मी असं मांडणार आहे: पुढच्या मोहिमेत निघण्याआधीच परतीची दोन ठिकाणं ठरवायची, जिथे दवाखाना आणि एसटी आहे. तिथे पोहोचलं की प्रत्येकाने स्वतःहून सांगायचं, पुढे जातो की थांबतो. "थोडंच राहिलंय, चला" असं कुणी म्हणायचं नाही. रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणारी गोळी, जे काही असेल ते कागदावर लिहून हँडलच्या पिशवीत ठेवायचं, घरच्यांचा नंबर आणि १०८ सोबत. काका, चालेल का?

विश्रामबागचा ७२ (सांगली)

काकांना काय विचारता, मला विचारा. साठीच्या पुढच्यांपुरताच हा नियम करणार असाल तर माझा विरोध. तिशीतल्यांनाही तोच कागद, तोच प्रश्न, तर मी सही करतो. आणि यादीत तिसरं ठिकाणही टाका: जिथून एसटीने पुढे जाऊन गटाला पुन्हा गाठता येईल.