मेकॅनिझम शिकवताना आधी बाण की आधी मॉडेल?

भेंडवाला: सोलापूरकडच्या बी.एस्सी. वर्गांसाठी माझं मत सरळ आहे. बाण (इलेक्ट्रॉनची जोडी कुठून कुठे जाते ते दाखवणारे) शिकवण्याआधी रेणूचं मॉडेल हातात द्या. किट महाग वाटत असेल तर मंगळवेढ्याचा कडबा आहेच. ताटाची साल सोलून भेंडाचे ६ तुकडे घ्या (पोरं ज्याच्या बैलगाड्या करतात तेच) आणि १८ टूथपिक. प्रत्येक तुकड्याला तीन काड्या तिवईसारख्या, चौथी उभी, की कोन १०९.५ अंशांच्या आसपास येतो. झालं सायक्लोहेक्झेन, सहा कार्बनचं कडं. एका काडीला मिथिल गट समजा आणि आता चेअर, म्हणजे कड्याचा हा खुर्चीसारखा आकार, उलटवा. अॅक्सिअल (उभा) मिथिल इक्वेटोरिअल (आडवा) होतो, पण वरचा खाली जात नाही. कागदावर पोरं जागेबरोबर दिशाही बदलून टाकतात.

लोनपेअर: दोनदा उलटवलं की भेंडाची भोकं सैल, चेअर चपटी! आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. काड्यांत इलेक्ट्रॉन कुठे दिसतात? टर्ट-ब्युटाइल अल्कोहोल आणि संहत एचसीएल घ्या. पेपरात बाण एच-प्लसकडून ऑक्सिजनकडे निघतो, कारण 'प्रोटॉन जाऊन चिकटतो' असं डोक्यात बसलेलं. अहो, एच-प्लसकडे द्यायला एकही इलेक्ट्रॉन नाही. बाण ऑक्सिजनच्या लोन पेअरवरून (बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉन जोडीवरून) निघतो. मग सी-ओ बंधावरून ऑक्सिजनकडे, पाणी सुटतं, प्लस कार्बनवर येतो. शेवटी क्लोराइडची जोडी त्या कार्बनकडे. दर पायरीला दोन्ही बाजूंचा एकूण चार्ज जुळवायला लावा, चूक तिथेच हाती लागते.

भेंडवाला: भोकांचं मान्य. उलटवू नका, दोन चेअर वेगळ्या करून शेजारी ठेवा. पण (आर)-२-ब्रोमोब्युटेनवर हायड्रॉक्साइड आला की एसएन-२ ने (हायड्रॉक्साइड ब्रोमीनच्या पाठीमागून येतो, त्याच वेळी ब्रोमीन सुटतो) उलट मांडणीचं (एस) अल्कोहोलच का मिळतं, हे नुसत्या बाणांनी पटवून दाखवा. कागदावर बाण ब्रोमीनच्या बाजूनेही तितकाच ऐटीत काढता येतो.

लाल पेन: दोघंही रेझोनन्स (रेणू एकच, पण कागदावर त्याची एकाहून जास्त चित्रं) विसरलात. दुटोकी बाण पाहून मुलं लिहितात, बेंझिन दोन रूपांत ये-जा करतं. ये-जा म्हणजे समतोल, त्याचे दोन अर्धे बाण वेगळे. बेंझिनचे सहाही बंध कायम १.३९ अँगस्ट्रॉम. एकाआड एक दुहेरी काड्या खोचल्यात तर तीच चूक भेंडात पक्की कराल. आणि बाण उलटे असूनही पूर्ण गुण मिळणार असतील, तर भेंड काय नि किट काय! पाच गुणांतले तीन बाणांना ठेवा.

लोनपेअर: तीन जास्त होतात, दोन पुरे. एसएन-२ साठी मॉडेल हवं, तेवढं कबूल. गुण देताना मात्र बाणाचं शेपूट आधी बघा. ते बंधावर किंवा जोडीवर नसेल तर शून्य. एकट्या इलेक्ट्रॉनवरून बाण फक्त रॅडिकलमध्ये (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या कणात), तोही अर्ध्या टोकाचा.