एमएसडीपी पीअरला पासवर्ड टाकला तरी सेशन तसंच चालू, लागला का नाही?

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजचे दोन कॅम्पस आहेत, एक हिंगण्याकडे अन् एक वर्धा रोडला. दोन्हीकडे सिस्कोचे राउटर, दोन्हीकडे आरपी (मल्टिकास्टचा पाठवणारा अन् ऐकणारे जिथं जुळतात तो राउटर), मधात एमएसडीपी (आपल्याकडे कोणता सोर्स चालू आहे हे आरपी एकमेकांना ज्यानं कळवतात तो प्रोटोकॉल). लाइव्ह लेक्चर मल्टिकास्टवर (एकच स्ट्रीम एकाच वेळी अनेकांना) जातात. ऑडिटवाल्यांनी पीअरला, म्हणजे समोरच्या राउटरसोबतच्या सेशनला, पासवर्ड लावायला सांगितला म्हणून काल दोन्हीकडे टाकला, पण सेशन एकदाही खाली गेलं नाही, अपटाइम जुनाच दिसून राहिला. मग हा पासवर्ड लागला म्हणायचा का? आणि सकाळी 10 पासून लेक्चर असतात, दिवसा हात लावायची हिंमत होत नाही.

बर्डीचा_नेटवर्कवाला
नाही लागला भाऊ. पासवर्ड टाकला किंवा बदलला तरी आयओएस (सिस्को राउटरची सिस्टीम) चालू सेशन स्वतःहून तोडत नाही, ते जुनं टीसीपी कनेक्शन बिनापासवर्डचंच चालत राहते. रात्री 'क्लिअर आयपी एमएसडीपी पीअर' अन् पुढे समोरचा आयपी मारा, एकाच बाजूनं मारलं तरी पुरते. मग 'शो आयपी एमएसडीपी पीअर' मध्ये एमडी5 सिग्नेचर प्रोटेक्शनच्या (पासवर्डवरून प्रत्येक पॅकेटला लागणारी सही) ओळीत एनेबल्ड आहे अन् अपटाइम शून्यापासून सुरू झाला, हे दोन्ही पाहूनच झोपायला जा. पासवर्ड कनेक्शन ज्या आयपीवर बनते त्याच आयपीला हवा, लूपबॅकवर (राउटरमधला व्हर्च्युअल इंटरफेस) पीअरिंग असेल तर लूपबॅकचाच, इंटरफेसचा नाही.

वर्धारोडवाला
रात्री क्लिअर केलं दादा, तर सेशन वर येऊनच नाही राहिलं अन् लॉगमध्ये 'इनव्हॅलिड एमडी5 डायजेस्ट' येऊन राहिलं. पासवर्ड दोन्हीकडे पुन्हा टाइप केला, सारखाच आहे. पासवर्ड काढला की लगेच वर येते.

बर्डीचा_नेटवर्कवाला
'नो डायजेस्ट' असतं तर समोरून सहीच आली नाही, म्हणजे तिकडं पासवर्ड नाही किंवा मधात कोणी ऑप्शन काढून टाकला. 'इनव्हॅलिड' म्हणजे सही आली पण जुळली नाही. मधात फायरवॉल किंवा नॅट (आयपी बदलणारं) आहे का? या सहीत दोन्ही आयपी अन् टीसीपीचा सीक्वेन्स नंबरही धरलेला असतो, त्यामुळे मधल्या डब्यानं त्यातलं काहीही बदललं की पासवर्ड बरोबर असूनही हिशोब चुकणारच.

विदर्भ_पॅकेट
सहमत. 639 पोर्टच्या या ट्रॅफिकला नॅट अन् सीक्वेन्स रँडमायझेशनमधून (फायरवॉल सीक्वेन्स नंबर बदलते ते) वगळा, टीसीपी ऑप्शन 19 (ही सही त्यातच असते) जाऊ द्या.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, पासवर्ड लावला म्हणून सुटी समजू नका. ही पद्धत 1998 च्या आरएफसी 2385 मधली, बाहेरच्यानं खोटं रीसेट पाठवून सेशन पाडू नये यासाठीची. समोरच्या राउटरनंच चुकीचे एसए मेसेज (सोर्स चालू असल्याची खबर) पाठवले तर ते पासवर्ड असूनही आत येतातच, म्हणून एसए फिल्टर अन् एसए लिमिट दोन्ही लावा. ऑडिटवाले बहुतेक हे विचारत नाहीत, पण खरा बचाव तिथंच आहे.

वर्धारोडवाला
फायरवॉलवर सीक्वेन्स रँडमायझेशनच चालू होतं! त्या दोन लूपबॅकपुरतं बंद केलं, पासवर्ड टाकून क्लिअर मारलं तर सेशन वर आलं, एनेबल्ड पण दिसून राहिलं. फिल्टरमध्ये आमचा 239 नं सुरू होणारा लोकल मल्टिकास्ट ग्रुपही अडवायचा ना?

विदर्भ_पॅकेट
लेक्चरचाच ग्रुप 239 मध्ये असेल तर तेवढा पहिले परमिट करा, मग 239 मधले बाकी डिनाय. नाहीतर सकाळी लेक्चर सुरू झाल्यावर दुसऱ्या कॅम्पसला सोर्सच कळणार नाही.