जुनं सागवानी सेंटर टेबल: घ्यावं का, ठेवावं कुठं?

जुळेसोलापूरकर: हॉल १० बाय १२, सोफा ६ फुटी, बैठक १७ इंच उंच. जुन्या बाजारात ४ बाय २ चं टेबल मिळतंय, उंची १९. पाय कापले तर?

रंधा_पटाशी: कापू नका, जुन्या टेबलाची किंमतच तिथं जाते. लांबी बरोबर, सोफ्याच्या दोन तृतीयांश. उंची बैठकीएवढी किंवा इंच-दोन इंच कमीच हवी; हे दोन इंच जास्त आहे, ते चालणार असेल तरच घ्या. घेताना टेबल उलटं करा. वरच्या रेषा फळीच्या टोकावर सलग उतरल्या तर भरीव लाकूड, नाहीतर चिकटवलेला पापुद्रा. बारीक भोकांतून पिठासारखा भुगा सांडत असेल तर कीड जिवंत आहे, सोडा.

कूलरवाला: सोफ्यापासून १६ ते १८ इंच. हॉलच्या १० फुटांत सोफा पुढून-मागं ३ फूट, मधे दीड फूट जागा, २ फूट टेबल. पलीकडं साडेतीन फूट वाट उरते, पुष्कळ झाली. फक्त कूलरच्या झोतात नको. आपला उन्हाळा कोरडा; ओल खाऊन लाकूड फुगतं, कूलर बंद की आकसतं, सांधे ढिले.

जुळेसोलापूरकर: आणि पॉलिश?

रंधा_पटाशी: खालून स्पिरिटचा थेंब लावा. चिकट झालं तर लाखेचं. त्यावर गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटलंच. काच टाकणार असाल तर खाली रबरी बटणं लावा, नाहीतर पॉलिश काचेला चिकटतं. चादरीची घडी घातली तरी चालतं, सोलापुरात तिला काय तोटा!

जुळेसोलापूरकर: भोकं आहेत, भुगा दिसत नाही.

रंधा_पटाशी: खाली काळा कागद अंथरून आठवडाभर ठेवायला सांगा. मग पैसे द्या.